मामाची कवळी आणि डोशाची कड

मी साहित्यात एम.ए. केलं, तेही पहिल्या वर्गात, आणि मग लोकांचे दात घासायला लागले. यात अतिशयोक्ती अलंकार नाही. माझा मामा कवळ्या बनवतो. दात काढायचं काम डॉक्टरांचं, त्यांच्या जागी नवे बसवायचं मामाचं, आणि तयार झालेली कवळी मोटरवर फिरणाऱ्या कापडी चाकाला धरून चकाकेपर्यंत घासायचं माझं. "नोकरी लागेपर्यंत मामाच्या हाताशी राहा," असं आई म्हणाली होती. नोकरी काही लागेना, आणि मामाच्या हातालाही माझा फारसा उपयोग होईना. एकदा एका आजोबांच्या कवळीतला सुळा मी इतका मन लावून घासला, की तो शेजारच्या दातांच्या रांगेत निमूट जाऊन बसला. मामानं तो बदलला, आणि आजोबांना माझी ओळख करून दिली, "ही माझी भाची. खूप शिकलीय. म्हणून तर इथे आहे."

मामाचं दुकान म्हणजे जिन्याखालची एक लांबट खोली. दारातून आत आलं की न्हाव्याच्या दुकानातून आणलेली खुर्ची, तिच्यासमोर आरसा, आरशाखाली बेसिन. मागे फळ्यांचा आडोसा आणि आडोशामागे आमचं कामाचं टेबल. त्यावर मेणाच्या पट्ट्या, स्पिरिटचा दिवा, प्लास्टरनं पांढरे झालेले रबरी वाडगे. खिडकीतल्या फळीवर प्लास्टरचे जबडे ओळीनं वाळत असत. त्यांच्यावर तिरपं ऊन आलं की ते सगळे मिळून कुणाची तरी निंदा करताहेत असं वाटे. डावीकडची भिंत मात्र जिवंत होती. पलीकडे डोशांचं दुकान होतं आणि त्यांचा मोठा तवा नेमका त्या भिंतीला लागून. सकाळी शेगडी पेटली की भिंत कोमट व्हायची, आणि घाईचं काम असलं की मामा ओले साचे तिला टेकवून ठेवायचा. तव्यावर पाण्याचा हबका बसला की इकडे 'चर्र' ऐकू यायचं. मग जरा शांतता. आणि त्या शांततेतून, कडा सुटू लागल्या की, आंबलेल्या तांदळाचा तो खरपूस वास.

तो तवा ज्यांच्या हाताखाली होता त्यांना सगळा रस्ता काकू म्हणे, त्यांच्याहून मोठा असलेला मामासुद्धा. काकू मामाला 'दातवाले' म्हणत. दोघांचं एकमेकांवाचून चालत नसे, कारण मामाच्या दुकानाचा एक नियम होता. कवळी तोंडात बसली, आरशात बघून झालं, गिऱ्हाईक खूश झालं, तरी त्याला घरी जाता येत नसे. मामा त्याला शेजारी घेऊन जाई आणि डोसा खायला घाली.

"भात काय, बिनदातांचा माणूसही गिळतो," मामा म्हणायचा. "पाव दुधात बुडवता येतो. डोशापुढे लबाडी चालत नाही. मध्ये मऊ, कडेला कुरकुरीत, पोटात बटाटा, बटाट्यात मोहरी आणि डाळ. सगळा अभ्यासक्रम एका ताटलीत."

मग तो समोर बसून ऐकायचा. बघायचा नाही, ऐकायचा. मधला मऊ भाग कुणीही पार पाडतं. खरी परीक्षा कडेला. कवळी नीट बसली असेल तर नुसता डोसा मोडल्याचा आवाज येतो. नसेल, तर त्यामागून दातावर दात आपटल्याचा एक बारीक 'टक्' येतो. आणि डाळीचा दाणा कवळीखाली शिरला, तर माणसाला जुना अपमान आठवल्यासारखा चेहरा होतो. तसा चेहरा दिसला की मामा काही विचारायचा नाही. गिऱ्हाइकाचा दंड धरून त्याला उठवायचा आणि परत आमच्या खुर्चीत आणून बसवायचा.

डोसा खायच्या तऱ्हांवरून त्याची माणसांबद्दल मतं ठरत. कडेपासून सुरुवात करून आत जाणारे लोक धीराचे. आधी पोट फोडून बटाटा संपवणारे उतावळे. गुंडाळी करून दोन्ही हातांनी खाणाऱ्यांशी वाद घालू नये. आणि सगळा डोसा सांबारात बुडवून खाणाऱ्यांची तर तो परीक्षाच धरत नसे. "ती कॉपी झाली," म्हणायचा. मी स्वतः चटणी संपवून मग नुसता डोसा खाते. त्यावर त्यानं एकदाच माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, "तुला नोकरी का लागत नाही ते कळलं."

अशा या मामाच्या स्वतःच्या तोंडात दिव्याखाली अंधार होता. तरुणपणापासूनच त्याचे दात एकेक करून त्याला सोडून चालले होते. जाडजूड मिश्या आणि बोलताना तोंडावर आडवा धरलेला हात, एवढ्यावर त्यानं धंद्याची अब्रू झाकली होती. कुणी फारच निरखून बघितलं तर म्हणायचा, "माझे दात म्हणजे दुकानाची जाहिरात नाही, इशारा आहे." पण हसायचा तेव्हाही हात तोंडावरच असायचा. शेवटी जे दोन-चार खुंट उरले होते तेही डॉक्टरांनी काढले, आणि हिरड्या भरून येईपर्यंत मामा पातळ भात गिळत भिंतीपलीकडची चर्रचर्र ऐकत बसला.

त्याची कवळी कोण करणार, हा प्रश्न मामीनं काढला. मामी शिवणाचा क्लास चालवते. ती म्हणाली, "मी इतक्या मुलींना शिकवलं, पण स्वतःच्या पाठीचं माप स्वतःला घेता येत नाही, हे पहिल्या दिवशी सांगते. दुसऱ्या कुणाकडून तरी करून घ्या."

"कुणाकडून? त्या पलीकडच्या चौकातल्याकडून?" मामा म्हणाला. "तो दात बसवतो की कुंपण घालतो?"

"मग काय, स्वतःच्या तोंडात स्वतःच हात घालणार?"

"माझं तोंड, माझा हात. तुला काय अडचण आहे?"

तर मामानं आरशासमोर बसून स्वतःच स्वतःचं माप घेतलं. इथे एक गोष्ट सांगायला हवी. कवळीत दात बसवण्याआधी गिऱ्हाइकाच्या वरच्या आणि खालच्या हिरडीवर मेणाचे कठडे बसवतात आणि त्याला तोंड मिटायला लावतात. जबडा जिथे आपसूक येऊन टेकतो, तिथे नवे दात टेकले पाहिजेत. पण माणसाला 'सहज मिटा' म्हटलं की तो कधीच सहज मिटत नाही. म्हणून मामा गिऱ्हाइकाला पावसापाण्याचं विचारायचा, सुनेबद्दल विचारायचा, मांजर हरवलं असेल तर मांजराबद्दल. तोंड आहे हे तो विसरला की जबडा आपली जागा घ्यायचा, आणि मामा ती जागा पकडायचा.

स्वतःला विसरायला लावणं मात्र त्याला जमणार नव्हतं. सुबक जबडा कसा मिटतो हे त्याला पक्कं ठाऊक होतं, त्यामुळे त्यानं तो तसाच, सुबक, मिटला. मी आरसा धरून शेजारी उभी होते आणि 'वा' म्हणत होते. या कामातलं माझं योगदान एवढंच.

दात त्यानं सरळ, पांढरे, भरगच्च लावले. "आमच्या लग्नाच्या फोटोत आहेत तसे," तो मामीला म्हणाला.

"लग्नाच्या फोटोत तुमचं तोंड मिटलेलं आहे," मामी म्हणाली.

दातवाल्यांनी दात बसवले ही बातमी रस्त्यावर पसरायला वेळ लागला नाही. सुट्टीच्या सकाळी मामा डोशांच्या दुकानात शिरला, तेव्हा त्याच्याकडून कवळ्या नेलेले निम्मे लोक आधीच टेबलं अडवून बसले होते. त्या प्रत्येकानं कधी ना कधी मामासमोर बसून परीक्षा दिली होती. आता सगळे मिळून परीक्षक. काकूंनी पीठ नेहमीपेक्षा पातळ पसरलं, कडेनं तेल सोडलं, आणि तव्याच्या काठाला भिडेल एवढा डोसा मामासमोर आणून ठेवला.

मामानं मधला भाग खाल्ला. कुणीतरी "शाब्बास" म्हणालं. मग त्यानं कडेचा तुकडा मोडला, चटणीत टेकवला आणि तोंडात घातला.

टक्.

दुकानात कुणी बोलत नव्हतं, त्यामुळे तो आवाज गल्ल्यापर्यंत गेला. मामानं आणखी एकदा चावून बघितलं. टक्, आणि त्यामागून वरची कवळी किंचित खाली उतरल्याचा ओला आवाज.

"डोसा आज जरा जास्तच कडक झालाय," मामा म्हणाला.

"दातवाले," काकू तव्यापासूनच बोलल्या, "ही सबब आजवर तुम्ही दुसऱ्या कुणाची चालू दिलीत का?"

सगळे हसले. मामाही हसला, हात तोंडावर ठेवून. मग त्यानं सांबाराची वाटी जवळ ओढली आणि उरलेला डोसा तुकडे करून तिच्यात बुडवला. मी मान खाली घालून माझी चटणी संपवत राहिले.

त्यानंतर मामा रोज ती कवळी इथे जरा, तिथे जरा घासत राहिला. जितकी घासली तितकी ती सैल झाली. शेजारी जाणं त्यानं सोडलं. काकूंनी एकदा दारातून विचारलं, "काय हो, रुसलात का?" तर म्हणाला, "नाही हो, पोट बरं नाही." गंमत अशी की बाकीच्या लोकांचं पोटही अचानक बिघडलं. एक निवृत्त मुख्याध्यापिका कवळी करून घ्यायचं ठरवून गेल्या होत्या. त्या माप द्यायला आल्या, खुर्चीत बसल्या, पुन्हा उठल्या आणि अगदी प्रेमानं म्हणाल्या, "आधी तुमचं होऊ दे. मग माझं बघू." खिडकीतल्या फळीवर जबडे कमी होत गेले. उरलेले आता आमचीच निंदा करत असावेत. मामाला डोसा खाता आला तर ते दुकान होतं, नाहीतर जिन्याखालची नुसती खोली. हे आम्हा तिघांनाही कळत होतं, आणि तिघंही त्याबद्दल सोडून बाकी सगळं बोलत होतो.

शेवटी मामीच म्हणाली, "माप दुसऱ्यानं घ्यायचं. बस्स."

"कोण घेणार?"

मामीनं माझ्याकडे बघितलं.

"ही?" मामा म्हणाला. "हिनं धडधाकट माणसाचा सुळा सपाट केलाय."

"मामा, मलाही नकोच आहे," मी म्हणाले. "माझा प्रबंध कादंबरीवर होता."

"मग तुला लांबण लावायची सवय असेल. हळूहळू घे," मामी म्हणाली.

बुडत्याला काडीचा आधार म्हणतात. काडीला त्या वेळी काय वाटतं, हे कुणी विचारत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडायच्या आधी मामा खुर्चीत बसला. गळ्यात टॉवेल बांधून त्यानं मला सगळं पुन्हा समजावलं, आणि मी मापाचा लगदा कालवून त्याच्या तोंडात भरला. जरा जास्तच भरला. तो ओठांवरून मिश्यांत गेला. मामा दोन्ही हातांनी खुणा करू लागला. 'छान चाललंय' असं म्हणत असेल, असं समजून मी आणखी दाबलं. माप निघालं तेव्हा त्यात हिरडीबरोबर मिशीचे बरेच केसही होते. "काही लेखक तपशिलात फार जातात," तो चूळ भरून म्हणाला. निदान साचा मात्र नीट आला.

साचे सुकले, त्यांच्यावर मेणाचे कठडे चढले, आणि पुढच्या सकाळी खरी अडचण सुरू झाली. मामीही बघायला येऊन आडोशापाशी उभी होती. कठडे तोंडात घालून मी त्याला पावसाबद्दल विचारलं. त्यानं डोळे मिचकावले आणि जबडा तसाच, फोटोतल्यासारखा मिटला. मी मांजराबद्दल विचारलं. पुन्हा तेच. हे सगळे डाव त्याचेच होते, त्याच्यावर ते कसे चालणार? शेवटी मी त्याला माझ्या प्रबंधाचा विषय सविस्तर समजावून सांगितला. त्याला झोप लागली. पण झोपेत जबडा उघडा पडतो, मिटत नाही. मी तिथेच स्टुलावर बसले. इतक्या वर्षांच्या शिक्षणानं मी एका माणसाचं तोंड मिटवू शकत नव्हते.

तेवढ्यात भिंतीपलीकडे चर्र झालं. पहिल्या डोशाचा वास फटीतून आला, आणि झोपेतून जागा होताना मामाचा गळा हलला. त्यानं आवंढा गिळला होता. गिळताना जबडा एका जागी टेकला आणि क्षणात सुटला. त्या जागेत काहीतरी वेगळं होतं. ती जरा डावीकडे होती.

"मामी," मी म्हणाले, "काकूंकडून एक डोसा आण. कडक. आणि इथे बसून खा."

मामीला दोनदा सांगावं लागलं नाही. ती ताटली घेऊन आली, स्टूल ओढून मामाच्या समोर, गुडघ्याला गुडघा लागेल अशी बसली. डोसा ताटलीबाहेर दोन्हीकडून आला होता. तिनं घाई केली नाही. आधी बोटानं कडेवरून टिचकी मारली आणि तो आवाज मामाला ऐकवला. मग तांबूस, जाळीदार कड मोडली. ती मोडताना वाळक्या पानासारखी कुरकुरली. चटणीत तुकड्याचं टोक तेवढं बुडवलं, उचललं, आणि डोळे मिटून चावलं.

मामानं आवंढा गिळला. जबडा टेकला. डावीकडे. ते लक्षात येताच त्यानं तो घाईघाईनं पुन्हा मधोमध आणला.

"अं अं," तो म्हणाला, आणि बोटानं 'असं' असं दाखवलं.

"असं नाही, मामा. तू गप्प बस," मी म्हणाले. असं मी त्याला आजवर कधीच म्हणाले नव्हते. "मामी, चालू दे."

"इतकी वर्षं तुम्ही लोकांसमोर बसून त्यांचे घास मोजलेत ना?" मामी खाताखाता म्हणाली. "आज मोजा." तिनं आतला बटाटा तुकड्यानं पुसून घेतला. त्यातून एक वाफ आली. "मीठ अगदी बेतशीर आहे हो. तुम्ही असायला हवं होतं."

मामाचे डोळे ताटलीवर खिळले होते. त्याला आता सुबक मिटायचंही सुचत नव्हतं. तुकडा मामीच्या हातातून निघाला की इकडे त्याचा गळा हले, जबडा टेके, आणि दर वेळी त्याच जागी, जरा डावीकडे. मी दिव्यावर मेणाची पट्टी मऊ केली आणि दोन्ही कठड्यांच्या मध्ये सरकवली. मामीनं शेवटची कड मोडली. मामानं गिळलं. मी त्याची हनुवटी नुसती धरून ठेवली. मेण थंड होईपर्यंत तिघांपैकी कुणी हललं नाही. मामी तेवढी चावत होती.

त्या मापावर दात मामानंच लावले. ते लावून झाल्यावर त्यानं साचा उजेडात धरला आणि कितीतरी वेळ फिरवून बघितला.

"वाकडं आहे," तो म्हणाला.

"तुझंच आहे, मामा."

त्यानं एकही दात हलवला नाही. कवळी घासायला त्यानं माझ्याकडे दिली.

आम्ही शेजारी गेलो तेव्हा या वेळी कुणाला कळवलं नव्हतं, पण नेहमीची माणसं होतीच, आणि कोपऱ्यातल्या टेबलाशी मुख्याध्यापिका बाई बसल्या होत्या, सांबारात बुडालेला डोसा चमच्यानं खात. काकूंनी आमच्याकडे बघितलं आणि काही न विचारता तव्यावर पाण्याचा हबका मारला.

मामानं थेट कडेलाच हात घातला. तुकडा तोंडात गेला. टक् आलं नाही. पण मामाचा चेहरा आक्रसला आणि त्याचा हात गालावर गेला. काय झालं ते मला कळलं: घासताना मी कुठेतरी आतल्या बाजूला खरबरीत कण ठेवला होता आणि तो हिरडीला टोचत होता. सगळं दुकान बघत होतं. आता हा पोट बरं नसल्याचं सांगणार, मला वाटलं.

मामानं दोन बोटं तोंडात घातली, वरची कवळी काढली, पाण्यानं धुतली, रुमालानं पुसली आणि सगळ्यांदेखत माझ्या हातात दिली.

"जा, घाछून आण. आतून, उजवीकडे. आणि छुळ्याला हात लावू नकोच," वरच्या दातांवाचून तो बोबडं बोलला.

मी धावत गेले. मोटर सुरू केली, बोटानं कण शोधला, चाकाला हळूच टेकवला, पुन्हा बोट फिरवलं. परत आले तेव्हा मामा तसाच बसला होता. वरचा ओठ आत गेलेला, मिश्या लोंबलेल्या. शेजारच्या टेबलावरचे आजोबा त्याला म्हणत होते, "आता तुम्ही आमच्यातले झालात," आणि मामा मोठ्यानं हसत होता. दोन्ही हात टेबलावर होते. त्याचं हसणं आतून असं दिसतं, हे मी पहिल्यांदाच बघत होते. गुलाबी, मोकळं, एखाद्या तान्ह्या बाळासारखं.

पहिला डोसा एव्हाना मऊ पडला होता. काकूंनी तो माझ्यासमोर सरकवला आणि मामासाठी दुसरा टाकला.

मामानं कवळी बसवली. कड मोडली. चटणी घेतली. या वेळी मी ऐकलं, आणि डोसाच तेवढा ऐकू आला. मग त्यानं बटाट्याचा घास घेतला, डाळ, मोहरी आणि सगळं. चेहरा होता तसाच राहिला. दुसरी कड. तिसरी. काकू उलथनं हातात धरून तशाच उभ्या होत्या आणि तव्यावरचा पुढचा डोसा करपायला लागला होता.

मुख्याध्यापिका बाईंनी चमचा खाली ठेवला. "तुमचं झालं वाटतं," त्या म्हणाल्या. "मग मी उद्या माप द्यायला येऊ का?"

मामानं नुसती मान डोलावली. त्याचं तोंड भरलेलं होतं.